दुसरा ट्रॅक मागे पडतोय? घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सूर जुळतो पण ठेका जुळत नाही, त्यावर काय काय बघायचं

आधी पेटी रेकॉर्ड केली, मग हेडफोन लावून तिच्यावर तबला वाजवला, मग दोन्ही ऐकत गायलं. वाजवताना गाताना सगळं बरोब्बर समेवर येत होतं, आणि नंतर तिन्ही ट्रॅक एकत्र लावले तर तबला पेटीच्या मागे आणि आवाज तबल्याच्याही मागे. ही एकच तक्रार घेऊन माझ्याकडे भजनी मंडळातले काका आलेत, स्नेहसंमेलनाची गाणी बसवणाऱ्या बाई आल्यात, हॉस्टेलवर बँड करणारी पोरं आलीत आणि परदेशात राहून गावाकडच्या भावासोबत अभंग करणारे पण आलेत. आता पहिल्या दोन वाक्यांतच कळतं की तेच दुखणं आहे.

हे लिहायचं खरं कारण माझी मावशी. चाळीस वर्षं भजनात गातेय, टाळ हातात असला की लय कधी हलत नाही तिची. भाच्याच्या लॅपटॉपवर एक अभंग रेकॉर्ड करायला बसली आणि तीन दिवस प्रत्येक टेक मागे पडला. चौथ्या दिवशी म्हणाली, आता वय झालं, लय गेली माझी. मी जाऊन बघितलं तर कानात ब्लूटूथचे इअरबड्स. वायरचे लावले, पहिल्याच टेकला सगळं जुळलं. मशीनचा उशीर माणूस स्वतःच्या अंगावर घेतो याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी लक्षण नीट ओळखा

"मागे पडतंय" एवढं सांगून काही कळत नाही. खालच्यापैकी तुमचं कुठलं ते आधी ठरवा, निम्मं काम तिथेच होतं.

- पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अंतर तेवढंच. ट्रॅक हाताने डावीकडे सरकवला की सगळं गाणं जुळतं.
- धृवपद जुळतं, पहिल्या अंतऱ्यात शंका येते, शेवटच्या अंतऱ्यात उघड उघड सुटतं. म्हणजे अंतर वाढत जातंय.
- रेकॉर्डिंग ठीक आहे पण गाताना स्वतःचाच आवाज उशिरा किंवा दोनदा ऐकू येतो, किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.
- लयीबरोबर सूरही बदललाय. काळी एकमध्ये गायलेलं भलत्याच पट्टीत ऐकू येतंय.
- मध्येच टिक-टिक येतं आणि त्यानंतरचा भाग थोडा पुढे सरकलेला असतो.
- दर टेकला अंतर वेगळं. काल सरकवून जुळवलं, आज तेवढंच सरकवलं तर जुळत नाही.

कान फसवतात, म्हणून एक सवय लावून घ्या. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला, आधीच्या ट्रॅकवरच्या टाळ्या हेडफोनमध्ये ऐकत, त्यांच्यावरच चार टाळ्या वाजवायच्या, आणि गाणं संपल्यावर परत चार. मग स्क्रीन झूम करून दोन ट्रॅकवरच्या टाळ्यांमधलं अंतर बघायचं, सुरुवातीला किती आणि शेवटी किती. दोन्हीकडे सारखं असेल तर तो उशीर, आणि शेवटी जास्त असेल तर तो घसरण. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी. मला फोन येतात त्यातले बरेच जण घसरणीवर उशिराचं औषध देत बसलेले असतात, म्हणजे ट्रॅक सरकवायचा, पुढे परत सुटतो, तिथे कापायचा, परत सरकवायचा, आणि शेवटी गाण्याचे वीस तुकडे होतात.

आणि हो, काहीही करायच्या आधी आख्ख्या प्रोजेक्टच्या फोल्डरची कॉपी करून ठेवा.

उशीर येतो कुठून

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर. देवळात मृदंगापासून दहा फुटांवर बसलेल्या टाळकऱ्याला मृदंग जवळपास ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि तरी भजन रंगतं. तेव्हा उशीर शून्य हवा असा हट्ट धरायचं कारण नाही. १० मिलिसेकंदांच्या आत बहुतेकांना काही खटकत नाही, २० च्या पुढे तबलजी कुरकुरायला लागतो, आणि ५० च्या वर टाळ दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो.

कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, बादली भरली की एकदम ओततो. त्या बादलीला म्हणतात बफर. कॉम्प्युटर सेकंदाला आवाजाची जितकी मापं घेतो तो सॅम्पल रेट, एक माप म्हणजे एक सॅम्पल. ४४,१०० सॅम्पल रेटला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, आणि आत येताना एक बादली, बाहेर जाताना एक, म्हणजे नुसते बफरचेच ४६, वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) आणि ड्रायव्हर (कॉम्प्युटर आणि यंत्र जोडणारं सॉफ्टवेअर) यांचे आणखी थोडे. २५६ ला एक बादली ५.८ ची होते, १२८ ला २.९ ची. चांगलं सॉफ्टवेअर हा उशीर ओळखून रेकॉर्ड झालेला ट्रॅक आपोआप तेवढा डावीकडे खेचून जागेवर बसवतं. आपला त्रास सुरू होतो ते सॉफ्टवेअरला खरा आकडा कळत नाही तेव्हा.

पैसे न लागणारी तपासणी, आधी हीच करा

पहिलं ब्लूटूथ. हेडफोन, इअरबड्स, स्पीकर, जे काही बिनवायरचं असेल ते बंद. ब्लूटूथवर आवाज कोंबून पाठवला जातो, पलीकडे उलगडला जातो, आणि यात सहज १०० ते २५० मिलिसेकंद जातात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे वाईट दिवशी अर्धी मात्रा गेली. शिवाय हा उशीर कायम तेवढाच राहील याची खात्री नाही, म्हणून "दर टेकला अंतर वेगळं" हे लक्षण बहुतेक वेळा इथलंच असतं. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो, ती पण हीच खूण. साधा वायरचा इअरफोन लावा. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचं कन्व्हर्टर मिळतं, ते घ्या. महागडे इअरबड्स घेतलेल्यांना हे पटत नाही, पण आवाजाचा दर्जा चांगला असणं आणि उशीर कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी तपासणी जरा नाजूक आहे पण टाळू नका. लय मशीनची हलतेय की माणसाची? पहिला ट्रॅक नुसत्या तानपुऱ्यावर वाजवलेला असेल, क्लिक (कानात येणारी मेट्रोनोमची एकसारखी टकटक) नसेल, तर पेटीवाला अंतऱ्यात थोडा पुढे जातोच. समोरासमोर बसलेले असताना तबलजी त्याच्याबरोबर जातो, कुणाला कळतही नाही. पण डबिंग करताना, म्हणजे आधीच्या ट्रॅकवर नंतर वाजवताना, तबलजीला पुढे काय येणार ते दिसत नाही, तो धरलेल्या लयीत राहतो आणि दोघं सुटतात. ओळखायचं असं, की पहिला ट्रॅक एकटा लावा आणि मोबाइलच्या मेट्रोनोमवर धृवपदाची लय आणि शेवटच्या अंतऱ्याची लय मोजा. धृवपद ८४ ला आणि शेवट ८९ ला असेल तर सेटिंग्ज चाळून उपयोग नाही, ते गाणंच चढलंय. यात चूक काही नाही, भजन चढायलाच हवं, गजराला ८४ वर अडवून धरलं तर त्यातला जीव जाईल. अशा वेळी क्रम बदला. आधी तबला किंवा पखवाज आणि कच्चा आवाज एकत्र रेकॉर्ड करायचा, गायकाचा आवाज वेगळ्या फोनवर घेऊन किंवा त्याला शेजारच्या खोलीत वेगळा माइक देऊन, म्हणजे लय जशी चढायची तशी दोघांची मिळून चढते. मग त्यावर पेटी, मग पक्का आवाज, आणि शेवटी कच्चा आवाज काढून टाकायचा. भावगीत किंवा बालगीत असेल, लय एकसारखी हवी असेल, तर पहिल्यापासून क्लिक लावा. क्लिकची टकटक नको वाटत असेल तर कहरव्याच्या ८ मात्रांचा साधा ठेका लूपवर टाका, वाजवणाऱ्याला तो जास्त आपला वाटतो.

तिसरं, स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येणं. इंटरफेसवर, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटरच्या मधल्या डब्यावर, डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न नेता थेट कानात देतं. ते चालू आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये पण ट्रॅकचं मॉनिटरिंग (गाताना आवाज कानात परत देणं) चालू आहे, तर एक आवाज लगेच येतो आणि दुसरा काही मिलिसेकंदांनी, दोन्ही मिसळून डब्यातला आवाज तयार होतो. दोन्हीपैकी एकच ठेवा. घरच्या कामात मी नेहमी डायरेक्ट मॉनिटर ठेवतो आणि सॉफ्टवेअरचं बंद करतो, ऑडॅसिटी या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्याला सॉफ्टवेअर प्लेथ्रू म्हणतात. तोटा इतकाच की गाताना कानात रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, येत नाही, काही गायकांना कोरडं वाटतं. याच प्रकारातलं अजून एक, हेडफोन न लावता स्पीकरवर पेटी लावून गाणं. आवाजाचा ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटा लावून, ऐका, मागे पेटी वाजताना ऐकू आली तर ती माइकमध्ये शिरलीय, आणि ती दुसरी पेटीच तुम्हाला उशिरा वाजल्यासारखी वाटतेय. हे रेकॉर्डिंग नंतर दुरुस्त होत नाही, परत गायचं.

चौथं सॅम्पल रेट. सूर बदललाय हे लक्षण असेल तर थेट इथे या. म्युझिकवाले ४४,१०० वापरतात, व्हिडिओवाले आणि बरेच फोन ४८,०००. ४८ हजारांची फाइल सॉफ्टवेअरने ४४.१ समजून वाजवली तर चार मिनिटांचं गाणं २१ सेकंद लांबतं आणि सूर जवळपास दीड स्वर-पट्टी खाली येतो. उलट झालं तर काळी एक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाते, पेटीवर सापडतच नाही. बहुतेक सॉफ्टवेअर्स फाइल आत घेताना रेट आपोआप बदलून घेतात, पण इंटरफेसचं कंट्रोल पॅनल, विंडोजची साउंड सेटिंग, प्रोजेक्टची सेटिंग आणि आलेल्या फाइल्स अशा चार जागा आहेत, आणि चारही ठिकाणी एकच आकडा असला की हा प्रश्न कायमचा संपतो. विंडोजमध्ये प्लेबॅक आणि रेकॉर्डिंगचा रेट वेगवेगळा सेट होतो, दोन्ही उघडून बघा, एकच बघून थांबू नका.

पाचवं, फाइल्सची देवाणघेवाण. एक जण पुण्यात, दुसरा कोल्हापुरात, ट्रॅक व्हॉट्सॲपवर येतात. व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला ट्रॅक दाबला जातो, त्यावर काम करू नका. एमपीथ्री करून पाठवला तरी त्या प्रकारातच सुरुवातीला थोडी शांतता चिकटते, साधारण ११०० सॅम्पल, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ती कापतात, काही नाही. पुण्याहून एमपीथ्री कोल्हापूरला गेली, तिथे वर तबला चढला, त्याची पुन्हा एमपीथ्री परत आली, झाले ५० मिलिसेकंद, आणि दोघंही एकमेकांच्या लयीवर शंका घेत बसलेत, मी हे मित्रामित्रांत होताना बघितलंय. वेव्ह फाइल पाठवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४४.१ ला २४ बिटची मोनो फाइल मिनिटाला साधारण ८ एमबी होते, आजच्या डेटामध्ये ते काहीच नाही. आणि ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून एक्सपोर्ट करा, तुमचा कोरस भलेही तिसऱ्या मिनिटाला येत असेल. पुढची शांतता कापून पाठवली की तो कुठे बसवायचा हे समोरच्याला अंदाजाने ठरवावं लागतं.

सहावं प्लगइन्स, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअरचे जोड. अर्धं मिक्सिंग झालेल्या प्रोजेक्टमध्ये "एक ओळ परत गाऊ" म्हणून बसलात आणि अचानक सगळं उशिरा यायला लागलं, तर मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथे, काय लावलंय ते बघा. पुढचं बघून काम करणारे लिमिटर, लिनिअर फेज इक्वलायझर, नॉइज काढणारे प्लगइन, हे सगळे आवाज थोडा वेळ धरून ठेवतात. ४०९६ सॅम्पल धरणारा एक प्लगइन म्हणजे ९३ मिलिसेकंद. प्लेबॅकला सॉफ्टवेअर ते सांभाळून घेतं, पण गाताना सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या तुमच्या आवाजाला ते लागतंच. रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर मोकळा ठेवा.

बफर आणि ड्रायव्हर

इथपर्यंत सुटलं नसेल तर विंडोजवाल्यांनी ड्रायव्हर कुठला निवडलाय ते बघा. विंडोजचे जुने एमएमई आणि डायरेक्टसाउंड हे गाणी ऐकायला ठीक, रेकॉर्डिंगला लांबचा रस्ता. याच कारणाने १९९७ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने आसिओ नावाची ड्रायव्हरची पद्धत काढली, ती विंडोजच्या मधल्या पायऱ्या टाळून थेट कार्डाशी बोलते. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असेल तर तोच टाका, नसेल तरच आसिओ फॉर ऑल हा सगळ्यांसाठीचा फुकट ड्रायव्हर. तो चालत नसेल तर निदान विंडोजचाच नवा वासापी निवडा. मॅकवाल्यांना हा प्रश्न नाही, कोअर ऑडिओ तिथे मुळातच आहे.

बफर रेकॉर्डिंगला १२८ किंवा २५६, मिक्सिंगला १०२४. लहान बादली म्हणजे प्रोसेसरला जास्त खेपा, दमला की एखादी खेप चुकते, तीच टिक. आणि चुकलेल्या खेपेतला आवाज कायमचा गेला म्हणून त्यानंतरचा भाग पुढे सरकलेला दिसतो. तेव्हा टिक-टिकचं लक्षण असेल तर बफर कमी नाही, वाढवायचा. तरी थांबलं नाही तर लॅपटॉपचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाका, यूएसबी हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा, दुसरं पोर्ट आणि दुसरी केबल लावून बघा. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवतं, माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपमध्ये जास्त करून वायफायचाच निघाला.

मोजून आकडा भरणं

एवढं करूनही कायम तेवढंच अंतर राहत असेल, तर सॉफ्टवेअरला उशिराचा चुकीचा आकडा मिळतोय. आता अंदाजाने सरकवायचं नाही, मोजायचं.

हे दुखणं कॉम्प्युटरच्या आधीपासूनचं आहे, हे समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. टेपच्या मशीनमध्ये रेकॉर्ड करणारं हेड आणि वाजवणारं हेड वेगळं असायचं, मध्ये अंतर. टेप सेकंदाला १५ इंच धावतेय आणि दोन हेडमध्ये दीड इंच अंतर आहे असं धरलं तर वाजणारं ऐकून गायलेलं १०० मिलिसेकंद उशिराच छापलं जाणार. अँपेक्स कंपनीच्या रॉस स्नायडर यांनी युक्ती काढली की डबिंगच्या वेळी जुने ट्रॅक रेकॉर्डच्याच हेडने वाजवायचे, म्हणजे अंतरच उरत नाही. त्याला सेल-सिंक म्हणतात, आणि तसं आठ ट्रॅकचं मशीन १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे गेलं. आपण आज सॉफ्टवेअरमध्ये आकडा भरतो ते त्याच अंतराचं गणित.

करायचं असं. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक पाव इंची केबल लावा, दोन-तीनशे रुपयांत येते. फँटम पॉवर (माइकला जाणारी वीज) बंद, इनपुट लाइनवर, गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते बटण) शून्यावर, हेडफोन कानातून काढलेले, आणि ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणार त्याचं मॉनिटरिंग बंद. हे शेवटचं विसरलात तर आवाज गोल गोल फिरून भयंकर शिट्टी येते, कान आणि स्पीकर दोन्हीला धोका. एका ट्रॅकवर क्लिक ठेवा, दुसऱ्यावर तोच क्लिक केबलमधून रेकॉर्ड करा, गेन हळूच वाढवून. मग झूम करून दोन क्लिकच्या सुरुवातीतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. तीनदा करा. तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तर उत्तम, तो भरायचा.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ऑडिओखाली रेकॉर्डिंगमध्ये ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी (म्हणजे उशीर) वापरायची टिक असते, ती ठेवा आणि खालच्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये उरलेला आकडा टाका. ऑडॅसिटीमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन म्हणून खाना आहे, त्यात सुरुवातीला उणे १३० मिलिसेकंद असतं. तो कंपनीचा ठोकताळा आहे, तुमच्या मशीनचा आकडा नव्हे, ऑडॅसिटीवर काम करणारे जितके माझ्याकडे आले त्यातल्या बहुतेकांचं दुखणं इथेच होतं. उणे १३० असताना नवा ट्रॅक अजून ४० मागे असेल तर उणे १७० करा, ३० पुढे गेला असेल तर उणे १००. भरल्यावर परत मोजा. अंतर कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं तर चिन्ह उलटं पडलंय. आणि बफर, ड्रायव्हर किंवा सॅम्पल रेट बदलला की पुन्हा एकदा मोजून खात्री करा.

यूएसबी माइक किंवा नुसता फोन असेल, केबल लावायला जागा नसेल, तर हेडफोनची एक बाजू माइकला टेकवून क्लिक रेकॉर्ड करा. तेवढं अचूक नाही, पण दोन-तीन मिलिसेकंदांची चूक चालते. फोनवर बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं ॲप वापरणाऱ्यांनी त्यातली लेटन्सीची सोय शोधून एकदा ही चाचणी करून घ्या.

अंतर वाढत जात असेल तर

घसरणीचं कारण दोन घड्याळं. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या यंत्रात सॅम्पल मोजणारा एक क्रिस्टल असतो आणि कुठलेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दोघांमध्ये दहा लाखात ५० एवढा फरक असेल तर पाच मिनिटांच्या गाण्यात १५ मिलिसेकंद, अर्ध्या तासाच्या कीर्तनात ९०. म्हणून यूएसबी माइकने रेकॉर्ड करायचं आणि लॅपटॉपच्या भोकातून ऐकायचं, हे टाळा. माइकवरच हेडफोनचं भोक असतं बऱ्याचदा, तिथे लावा, मग येणं-जाणं एकाच घड्याळावर चालतं. आसिओ फॉर ऑलमध्ये दोन वेगळी यंत्रं एकत्र जोडण्याचा मोह होतो, लांब रेकॉर्डिंगला नको.

आधीच दोन फोनवर रेकॉर्ड झालंय आणि परत वाजवणं शक्य नाही, तर सुरुवातीच्या टाळ्या जुळवा आणि मग दुसरा ट्रॅक शेवटच्या टाळीपर्यंत ताणा. रीपरमध्ये आल्ट दाबून कडा ओढली की होतं. इथे एक गोष्ट महत्त्वाची, सूर जपून ताणण्याचा जो पर्याय असतो तो बंद करा. इतक्या बारीक ताणण्याने सूर कानाला कळेल असा हलतच नाही, उलट तो पर्याय चालू असला की तबल्याच्या किनारीचा टणत्कार बोथट होतो. शेवटच्या टाळ्या नसतील तर शेवटची सम पकडा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

केबलची चाचणी दहा वेळा केली आणि दहा वेळा आकडा भलताच वेगळा, दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या केबलने, नव्या ड्रायव्हरनेही तेच, तर इंटरफेस आजारी आहे. उघडू नका. वॉरंटीत असेल तर स्क्रू फिरवल्या क्षणी ती जाते. बिल आणि तुमच्या मोजणीचे आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. "आवाज मागे येतो" म्हणालात तर ते सेटिंग बघा म्हणून परत पाठवतील, दहा आकडे लिहिलेला कागद ठेवलात तर ऐकून घेतात.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात किंवा माइकच्या जाळीला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर रेकॉर्डिंग तिथेच बंद. तो ट्रॅकचा प्रश्न नाही, घराच्या अर्थिंगचा असू शकतो, इलेक्ट्रिशियनला बोलवून सॉकेट तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. त्या पिनवर गाणाऱ्याचा जीव असतो.

आणि तिसरी वेळ म्हणजे पुन्हा कधीच होणार नाही असं रेकॉर्डिंग. गेलेल्या आजोबांचा आवाज, गुरुजींची शेवटची बैठक, दोन-तीन यंत्रांवर तुकड्यातुकड्यांत घेतलेली. त्यात टिकांनी सॅम्पल गळालेले असतात, वर घसरण असते, आणि प्रत्येक तुकड्याचं अंतर वेगळं. हे घरी सरकवून, कापून, ताणून बघू नका, अनुभवी रेकॉर्डिस्टकडे न्या. जाताना मूळ फाइल्स न्यायच्या, एमपीथ्री केलेल्या नाही, तुम्ही सरकवलेल्या नाही, ज्या कार्डावर किंवा फोनवर रेकॉर्ड झालं ते यंत्रच नेलं तर सगळ्यात चांगलं. कुठला ट्रॅक कशावर घेतला, कुठल्या रेटला, हे एका कागदावर लिहून द्या. आणि त्या बैठकीला हजर असलेलं एक माणूस सोबत न्या, कारण कुठली तान नक्की कुठल्या मात्रेवर सोडली होती हे तिथे बसलेल्यालाच आठवतं.